नाताळच्या सुट्टीनंतर मुलीची सकाळची घडी पुन्हा कशी बसवावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की शाळा सुरू होऊन चार दिवस झाले, पण मुलगी रात्री अकराच्या आत झोपत नाही, सकाळी उठवताना रोज रडारड होते आणि डबा करता करता तुमचाच जीव मेटाकुटीला येतो. आमच्या भांडुपच्या घरात गेल्या वर्षी अगदी हेच चाललं होतं. लेक पाचवीत होती, बस सहा चाळीसची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं शासनाचं २०२४ चं परिपत्रक आहे, पण पाचवीला त्याचा काय उपयोग!

आमचं कुठे चुकलं ते आधी सांगतो. १ जानेवारीला रात्री साडेअकराला आम्ही गावाहून परतलो आणि २ तारखेला शाळा. पहाटे सगळ्या बॅगा उपसल्या तेव्हा शाळेचे बूट तळाशी सापडले, लाल मातीने माखलेले. पोर डोळे पुसतच बसमध्ये चढली. त्या रात्री मी तिला साडेआठलाच अंथरुणावर घातलं, दिवा मालवला. ती साडेदहापर्यंत टक्क जागी. मी रागावलो, ती रडली. अजून आठवलं की वाईट वाटतं, कारण तिचा काहीच दोष नव्हता. आठ दिवस मावसभावंडांबरोबर बारापर्यंत कॅरम खेळल्यावर शरीराची रात्रच उशिरा सुरू व्हायला लागते. झोप काही दटावून येत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, रात्रीच्या मागे लागू नका, सकाळ धरा. झोपायला कितीही उशीर झाला तरी उठायची वेळ तीच ठेवा. दोन-तीन दिवस मुलगी पेंगेल. दुपारी आडवी झाली तर अर्ध्या तासाने उठवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत झोपेल आणि रात्री पुन्हा तेच. मग रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर अंथरूण घाला. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, म्हणजे सहाला उठणाऱ्या मुलीचा नऊच्या आत डोळा लागायला हवा. आम्हाला तिथे पोचायला आठवडा लागला.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही मला फार उशिरा कळली. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा मुंबईत सहाला उजाडतं. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. आपण पोरांना अक्षरशः रात्रीच उठवत असतो, आणि उजेड दिसल्याशिवाय शरीराला सकाळ झाल्याचं कळत नाही. आता मी पावणेसहाला घरातल्या सगळ्या ट्यूब लावतो, तिच्या खोलीतलीही. हाका मारत नाही. बायको कामावर सकाळच्या पहिल्या शिफ्टला जाते, त्यामुळे सकाळचा डबा माझ्याकडे. पोळ्या लाटायला घेतल्या की पाच-सात मिनिटांत लेक चादर गुंडाळूनच स्वयंपाकघरात येते आणि फ्रीजला पाठ टेकून खाली बसते. मी दुधाचा कप तिच्या हातात देतो. ती पोळी फुगताना बघत राहते. ती दहा मिनिटं मी काही विचारत नाही, ‘आटप’ तर मुळीच म्हणत नाही. कप रिकामा झाला की ती आपली आपण दात घासायला जाते. शनिवार-रविवारी तिला सव्वासातला गच्चीवर नेतो, ऊन अंगावर येईपर्यंत थांबतो.

टीव्ही आणि मोबाइल आठनंतर बंद, आमचेही. आपण हातात फोन धरून मुलांना झोपा म्हणायचं हे बरं नव्हे.

आणि ताई, पहिल्या आठवड्यात डब्याचं ओझं घेऊ नका. भाजी रात्रीच चिरून ठेवा. एखाद्या दिवशी तूप-गुळाची पोळी दिली तरी चालते, मुलं ती आवडीने संपवतात. आपली झोप झाली नसेल तर आवाज चढतो, मी अनुभवलंय.

येत्या रविवारी मात्र तिला दहापर्यंत झोपू देऊ नका, कितीही दया आली तरी. आम्ही दिलं होतं, आणि सोमवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून.