भोक पाडण्याआधी चार वेळा पाण्यात बसा

हातचं काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहा फुटांची, वर उघडं बसायची प्लास्टिकची कायाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) जुनी विकत घेतली आहे. तिच्यावर गळाच्या काठ्यांसाठी दोन होल्डर, बॅटरी आणि सामानाचा क्रेट बसवायचा आहे. मेव्हणे म्हणतात, भोकं पाडू नकोस, इपॉक्सी पुट्टीने चिकटव सगळं. त्यांचं ऐकू का? आणि भोकं पाडलीच तर आत पाणी शिरेल का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : पुट्टीने काही चिकटवू नका. माझी सत्तावीस वर्षं सांवेर रोडवर पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात गेली. तुमच्या गच्चीवरची काळी टाकी आणि तुमची ही कायाक एकाच रीतीने घडते. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात भरायची, साचा भट्टीत फिरवत ठेवायचा, भुकटी वितळून आतल्या भिंतींना धरते, मग गार करून नग बाहेर काढायचा. हे प्लास्टिक अंगाने मेणासारखं असतं, त्याला कशाचीच पकड बसत नाही. पुट्टी लावा, सिलिकॉन लावा, दुसऱ्या दिवशी घट्ट वाटेल. पण कायाक उन्हात तापून पसरली, पाण्यात गार होऊन आकसली, की कडेला नख घालताच अख्खी चकती हातात येते. टाकीला तडा गेला तर आम्ही त्याच प्लास्टिकची काडी गरम हवेने वितळवून तो भरायचो. तुमच्या कायाकला पुढेमागे तडा गेलाच तर तेच करून घ्या.

म्हणजे काम नट-बोल्ट आणि रिव्हेटचंच. पण आधी ड्रिल कपाटात ठेवा आणि निदान चार वेळा पाण्यावर जाऊन या. होल्डर, क्रेट सगळं दोरीने तात्पुरतं बांधा. कागदी चिकटपट्टीवर खुणा करा. मी हे केलं नव्हतं. गॅरेजमध्ये कोरड्या फरशीवर कायाकमध्ये बसलो, हात मागे नेला, जिथे पोचला तिथे होल्डर ठोकला. चोरल धरणावर पहिल्याच दिवशी काठी वाकली. ती घ्यायला कमरेतून मागे वळलो तर कायाक उजवीकडे इतकी कलली की मांडीवर पाणी आलं. फरशी कलत नाही, पाणी कलतं. हात जिथे पोचतो ती जागा नव्हे, लाइफ जॅकेट घालून, मान न वळवता जिथे पोचतो ती जागा खरी. माझे दोन्ही होल्डर आता गुडघ्यांच्या थोडे पुढे, बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत. पहिल्या जागेची चार भोकं मला वितळवून बुजवावी लागली. त्या डागांवर अजून हात जातो.

जागा ठरली की भोक पाडा. तीन मिलिमीटरच्या बिटने आधी बारीक भोक, मग मोठं. ड्रिल अगदी हळू चालवा. वेगात चालवलंत तर प्लास्टिक कापलं जायच्या ऐवजी वितळतं आणि भोकाच्या कडेला लोळी जमते. बरोबर चाललं असेल तर बिटवरून लांब, कुरळी, अखंड पट्टी निघते, पेन्सिल शार्पनरमधून निघते तशी. ती पट्टी बादलीत टाकून बघा, तरंगली पाहिजे. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. बिटला टोकापासून सेंटिमीटरभर अंतरावर टेप गुंडाळा, म्हणजे जोर गेला तरी बिट आत घुसून समोरच्या भिंतीला लागणार नाही. कडेचे केस ब्लेडने सोलून काढा.

जिथे आतून हात पोचतो तिथे स्टीलचा बोल्ट, आत मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते, म्हणून वॉशर जितका रुंद तितका भार पसरतो. जिथे हात पोचत नाही तिथे वेल नट घ्या : रबराची बाही, तिच्या आत पितळी नट. बोल्ट आवळत गेलात की रबर आतल्या बाजूला फुगतं, भोकही बुजतं. माझ्या सहा मिलिमीटरच्या बोल्टच्या वेल नटला साधारण तेराचं भोक लागलं, पण तुमचा नट व्हर्नियरने मोजूनच बिट घ्या. सियागंज बाजारात सांगताना नुसतं ‘रबरी नट’ म्हणू नका, बोल्टचा नमुना हातात घेऊन जा. बोल्टच्या डोक्याखाली रबरी वॉशर आणि थोडं सिलिकॉन लावायला माझी हरकत नाही. तिथे ते फटीत दाबलेलं असतं, त्याच्यावर भार नसतो.

एक नियम मात्र मोडू नका. तुम्ही सामानासकट बसल्यावर पाणी कुठवर येतं तिथे मित्राकडून खडूची रेघ मारून घ्या. त्या रेघेखाली एकही भोक नको.

क्रेटला भोकांची गरजच नाही. भाजीचा प्लास्टिक क्रेट सीटमागे ठेवा आणि कायाकला आधीच असलेल्या कड्यांना लवचीक दोरीने बांधा. काठ्या ठेवायला चाळीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे क्रेटच्या आतून कोपऱ्यांना केबल टायने आवळा. पांढरे टाय उन्हात वर्षभरात ठिसूळ होऊन तुटतात, काळे घ्या. पाइपचं वरचं तोंड हीट गनने मऊ करून बाटलीच्या बुडावर दाबलंत की छान फुलतं. बॅटरी यूपीएसवाली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची पुरते. ती दोन-अडीच किलोची असते, म्हणून मधोमध, तळाशी, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वायरला फ्यूज लावाच. आणि कायाकच्या पोकळीत झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या कोंबून ठेवा. एखादं भोक दगा देईल त्या दिवशी बुडण्यापासून त्याच वाचवतील.

प्रश्न : मंडलेश्वरजवळ नर्मदेत नांगर टाकला, दोर सीटशेजारच्या हँडलला बांधला. ओढ लागताच कायाक आडवी झाली आणि मी पाण्यात पडलो. काठाला उभ्या मुलाने हात दिला. नांगर हलका होता का? (बडवाह)

उत्तर : नांगर हलका नव्हता, दोर चुकीच्या जागी होता. तुमचं पत्र वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो. वाहत्या पाण्यात कायाक मधून धरली की ती आडवी होते, पाणी सगळ्या लांबीवर दाब देतं, दोर एक कड खाली ओढतो, आणि ती उलटायला क्षणही लागत नाही. नांगर नेहमी टोकातून, पुढच्या किंवा मागच्या. पण टोकापर्यंत बसल्या जागेवरून हात पोचत नाही, त्यासाठी कप्प्यांची दोरी लावतात.

एका कडेला पुढे एक आणि मागे एक अशा दोन छोट्या कप्प्या बसवा. त्यांतून चार मिलिमीटरच्या पॉलिस्टर दोरीचा वेढा फिरवा आणि दोन्ही टोकं एका स्टीलच्या कडीला बांधा. नायलॉन नको, भिजलं की ताणतं. नांगराचा दोर या कडीतून ओवायचा. नांगर पाण्यात सोडून वेढा ओढलात की कडी सरकत टोकाला जाते आणि ओढ टोकावर येते. वेढा अडकवायला सीटजवळ एक क्लीट, म्हणजे दोर अडकवायची खुंटी. दीड किलोचा घडीचा नांगर अशा कायाकला पुष्कळ होतो. खोलीच्या निदान तिप्पट दोर सोडा, ओढ असेल तिथे त्याहून जास्त, कारण दोर तिरका पडला तरच नांगराचे दात रुततात.

दोराचं शेवटचं टोक कायाकला गाठ मारून बांधू नका. त्याला एक तरंगता गोळा लावा आणि दोर क्लीटमध्ये नुसता अडकवा. नांगर दगडात अडकला किंवा पाणी वाढलं तर दोर सोडून निघून जायचं, नांगर नंतर शोधता येतो. जॅकेटवर छातीशी सुरी हवीच.

नर्मदेत हे सगळं दुप्पट जपून करावं लागतं, कारण वर धरणं आहेत. 2005 च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी धाराजीला यात्रेसाठी जमलेली माणसं इंदिरासागर धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेली. आभाळ कोरडं होतं तेव्हा. काठाच्या दगडावर पाण्याची रेघ बघत राहा. ती चढायला लागली की मासा गळाला असला तरी दोर सोडा. आणि महाशीर लागला तर जिवंत परत सोडा, आपल्या मध्य प्रदेशाचा तो राज्यमासा आहे.

प्रश्न : फिश फाइंडरचा (ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) सेन्सर तळाला भोक न पाडता बसवता येतो का? (महू)

उत्तर : येतो. ध्वनिलहरी पॉलिथिलीनच्या पातळ भिंतीतून जातात. मध्ये हवा आली की मात्र बहुतेक तिथूनच परत फिरतात, म्हणून सेन्सर आणि भिंत यांच्यात बुडबुडा राहता कामा नये. आतल्या बाजूने सपाट जागा बघून खरवडून पुसा, सिलिकॉनचा जाड थर द्या, सेन्सर हलकेच गोल फिरवत दाबा, म्हणजे हवा कडेने निघून जाते. इथे सिलिकॉनला भार पेलायचा नाही, नुसतं मध्ये बसायचं आहे. तरी आधाराला सेन्सरभोवती फोमची चौकट बसवा. पाण्याचं तापमान नीट दिसणार नाही, खोली आणि तळ दिसेल.

हे काम जूनच्या शेवटी काढा. 16 जून ते 15 ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात. सिलिकॉनला सुकायला तेवढे दिवस पुरून उरतील. ऑगस्टमध्ये तलावावर जाण्याआधी तिथल्या मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या.