आमचं ट्रेड न्यूजलेटर आतापर्यंत फुकट होतं, आता पैसे लावायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की एका व्यवसायातल्या लोकांसाठी तुम्ही दर आठवड्याला ईमेलने न्यूजलेटर काढता, वेबसाइटवर सगळे जुने अंक खुले आहेत, वाचणारे वाढतायत पण हातात काही पडत नाहीये, आणि पैसे लावले तर लोक पळतील अशी भीती वाटतेय. मी पॅकेजिंग उद्योगाच्या एका न्यूजलेटरचं संपादन आणि वर्गणी दोन्ही बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पळतील हो, बरेच जण. फुकट वाचणाऱ्यांतले बहुतेक लोक पैसे देत नाहीत, तुम्ही कितीही चांगलं लिहा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांना यादीत राहू द्या, तेच तुमचं नाव चार ठिकाणी नेतात. पण सगळं खुलं ठेवणं आणि सगळं बंद करणं ही दोन्ही टोकं छोट्या ट्रेड न्यूजलेटरला परवडत नाहीत, त्यामुळे ठरवायचं काय तर कुठला तुकडा दाराच्या आत आणि कुठला बाहेर. आणि इथे बहुतेक संपादक (आपण सगळे थोडे अहंकारी असतो त्यामुळे) स्वतःला जे लिहायला जड गेलं त्याला कुलूप लावतात, म्हणजे मोठा लेख, मुलाखत, संपादकीय, आणि तक्ते, टेंडरच्या तारखा, बदललेल्या नियमांचा सारांश वगैरे 'किरकोळ' म्हणून फुकट सोडून देतात. मी बरोब्बर उलटं करीन.

मोठ्या नावांच्या लेखांना कुलूप लावायचं हे न्यूयॉर्क टाइम्ससारख्यांनी करून बघितलंय. 2005 साली त्यांनी टाइम्ससिलेक्ट नावाचा प्रकार आणला, बातम्या खुल्या आणि नामांकित स्तंभलेखक कुलपात, वर्षाला 49.95 डॉलर. सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांनी पैसे भरले, वर्षाला साधारण 1 कोटी डॉलर येत होते, म्हणजे फसलं असं नाही म्हणता येणार, तरी सप्टेंबर 2007 मध्ये बंद केलं, कारण सर्चवरून येणारा वाचक दारावरूनच परत जात होता आणि त्याच्यावर मिळणाऱ्या जाहिराती त्यांना जास्त मोलाच्या वाटल्या. काही स्तंभलेखकही वैतागले होते, आपलं मत जगापर्यंत पोचत नाही म्हणून. मग मार्च 2011 मध्ये मीटर आला, महिन्याला 20 लेख फुकट आणि पुढे पैसे, वर्षभरानंतर ते 20 चे 10 केले, आणि ते टिकलं. पण ते मीटरचं बघून तुम्ही मोहात पडू नका. रोज शेकडो मजकूर टाकणाऱ्याला मीटर जमतो, आठवड्याला एक अंक काढणाऱ्याचा वाचक महिन्यात त्या आकड्यापर्यंत पोचतच नाही, आणि जो पोचतो तो मोजणी चुकवायला ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडतो.

मग विकायचं काय ते कसं ओळखायचं? आमच्या अंकात कच्च्या मालाच्या भावाचा एक तक्ता जातो, क्राफ्ट पेपर, पॉलिमरच्या ग्रेड, ॲल्युमिनियम फॉइल, गेल्या आठवड्याचा भाव, या आठवड्याचा, आणि शेवटच्या रकान्यात एखादी ओळ की अमुक मिल मेंटेनन्ससाठी बंद आहे म्हणून माल कमी येतोय. दिसायला इतका रटाळ की विचारू नका. एकदा सर्व्हरच्या भानगडीत अंक अडकला तर एका खरेदी विभागातून मेल आला, "अकराला मीटिंग आहे, निदान तक्ता तरी पाठवा, बाकीचं नंतर आलं तरी चालेल." बाकीचं म्हणजे माझा लेख, बरं का! पण त्या एका ओळीत सगळं आलं. जो मजकूर उशिरा गेला की लोक विचारायला लागतात, त्याला पैसे मिळतात, आणि जो गेला नाही तरी कुणाला पत्ता लागत नाही तो कितीही सुंदर असो, तो खुला ठेवा, निदान फॉरवर्ड तरी होईल. आणि हे ओपन रेटवरून, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्यावरून, ठरवायला जाऊ नका, ॲपलने 2021 मध्ये मेलमध्ये प्रायव्हसीची सोय आणल्यापासून माणसाने मेल उघडला नसला तरी तो उघडला म्हणून मोजला जातो. क्लिक बघा, आलेली उत्तरं बघा, फोन बघा.

ही काय आजची गोष्ट नाहीये. लॉइड्स लिस्ट हे जहाजवाहतुकीच्या बातम्यांचं पत्र 1734 पासून आहे, कुठलं जहाज कुठे पोचलं याच्या नोंदीवर ते उभं राहिलं, 2013 च्या डिसेंबरात छापील अंक बंद झाला आणि नुसतं डिजिटल उरलं, तरी लोक पैसे देऊन घेतातच. प्लॅट्स 1909 पासूनचं, तेलाच्या धंद्यातले भाव देणारं, तिथे तर खरेदीच्या करारातच लिहिलेलं असतं की हिशोब त्या त्या दिवशीच्या प्लॅट्सच्या भावाने होईल. असा भाव देणाऱ्याला कोण म्हणणार की फुकट द्या?

आता तुम्ही म्हणाल की बेन थॉम्पसनचं टेक कंपन्यांच्या धंद्यावरचं न्यूजलेटर, स्ट्रॅटेचरी बघा, तो तर मतच विकतो. खरंय, आणि उत्तम चालतं. पण त्याने 2014 मध्ये पैसे लावले तेव्हा आठवड्याचा मोठा लेख खुलाच ठेवला आणि पैसे घेतले ते रोजच्या अपडेटचे. म्हणजे जो लेख लोक एकमेकांना पाठवतात तो बाहेर, आणि ज्याची सवय लागते ते आत. तुमच्यात इतकं लिहायचा दम असेल तर करा, माझ्यात नाहीये.

आता वर्गणी कोण भरतं ते, कारण खरं घोडं इथेच पेंड खातं. वाचणारा आणि पैसे देणारा हे दोन वेगळे लोक असतात. वाचणारा म्हणजे खरेदी विभागातला किंवा प्रॉडक्शनचा माणूस, त्याला स्वतःच्या खिशातून थोडेसे भरायचे म्हटलं तरी जिवावर येतं, पण त्याच्याच कंपनीच्या बजेटातून त्याच्या कितीतरी पट रक्कम तो बिनदिक्कत मंजूर करून घेतो, फक्त त्याला वरिष्ठांना दाखवायला कारण पाहिजे आणि अकाउंट्सला बिल पाहिजे. पॉलिटिको या अमेरिकेतल्या राजकारणाच्या बातम्यांच्या साइटने हे फार चांगलं ओळखलं, त्यांची मुख्य साइट फुकट राहिली आणि 2011 पासून पॉलिटिको प्रो नावाची महागडी सेवा त्यांनी कंपन्या आणि संस्थांना विकली. त्यामुळे किंमत कमी ठेवून कार्डाने पैसे घ्यायचं बटण एवढंच लावून बसू नका. बिल द्यायची सोय करा, पीओ (कंपनीच्या खरेदी ऑर्डरचा) नंबर लिहायला जागा ठेवा, त्यांचा व्हेंडर फॉर्म, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणीचा फॉर्म, आला तर न कुरकुरता भरून द्या (कंटाळवाणं काम आहे, पण यातच वर्गणी येते किंवा बुडते), आणि एका विभागातल्या सगळ्यांसाठी मिळून ग्रुप वर्गणी ठेवा.

ग्रुप वर्गणी नसेल तर काय होतं माहितीये, एक जण घेतो आणि बाकीच्यांना फॉरवर्ड करतो. अमेरिकेत लोरीज रिपोर्ट्स नावाचं शेअर बाजाराचं न्यूजलेटर होतं, लेग मेसन या कंपनीने त्याची एकच प्रत घेतली आणि रोज आतल्या नेटवर्कवर टाकून सगळीकडे फिरवली, 2003 मध्ये ज्युरीने जवळपास 1 कोटी 97 लाख डॉलर भरायला लावले. अर्थात तुम्ही-आम्ही कोर्टात जाणार नाही, वाचकाशी भांडून धंदा होत नाही, पण अंकाच्या खाली एक साधी ओळ असू द्या की ही प्रत एका व्यक्तीसाठी आहे आणि विभागासाठी वेगळा दर आहे. मी तर फॉरवर्ड झालेला अंक वाचून यादीत नसलेल्या माणसाने काही विचारलं की खूश होते. त्या कंपनीत अजून कोण कोण वाचतंय एवढं प्रेमाने विचारायचं आणि दर पाठवायचा.

जुन्या अंकांचं काय करायचं, यावर जरा थांबून विचार करा, सगळं एकाच नियमाने करू नका. जुन्या बातम्या काही महिन्यांनी खुल्या करून टाका, त्या सर्चमधून नवीन लोक आणतात. नियम समजावून सांगणारे लेख कायम खुले ठेवा आणि नियम बदलला की दुरुस्त करत रहा, नवीन माणूस तुम्हाला पहिल्यांदा तिथेच भेटतो. पण आकडे मात्र कधीच खुले करू नका, कारण बातमी शिळी होते तशी भावांची मालिका होत नाही, ती जितकी मागे जाते तितकी महाग होते, करारावर घासाघीस करताना लोकांना मागच्या काही वर्षांचे आकडे लागतात. आणि कुलूप लावताना नुसतं स्क्रीनवरून झाकू नका, पेजच्या सोर्समध्ये मजकूर तसाच राहतो आणि ज्याला कळतं तो वाचतो, सर्व्हरकडूनच अर्धा पाठवायला सांगा. पैशाचा मजकूर आहे हे गूगलला स्ट्रक्चर्ड डेटातून, म्हणजे पेजच्या कोडमधल्या खुणांतून, सांगायची सोय आहे, तेवढं डेव्हलपरकडून करून घ्या, म्हणजे फसवाफसवी केली असा शिक्का बसणार नाही.

जाहिरातींबद्दल फार नाही लिहीत. खुल्या अंकात प्रायोजक घ्या, पण भावाच्या तक्त्याजवळ माल विकणाऱ्याचा लोगो नको, लोक आकड्यावर शंका घेतात.

सुरुवात करताना फुकटवाल्यांना आधी कळवा की अमुक तारखेपासून तक्ता वर्गणीदारांना जाईल. त्यानंतरही खुल्या अंकात भाव चढला का उतरला एवढं लिहा, आकडा आत. आणि तुम्हाला जे लोक दर आठवड्याला आकडे सांगतात, मिलमधले, डीलर, त्यांना अंक कायम फुकट द्या, त्यांनी फोन उचलायचं बंद केलं तर विकायला काही राहणार नाही.

तुमचा व्यवसाय कुठला ते लिहिलं नाहीयेत. तक्त्यासारखं काही नसेल, समजा नुसत्या नेमणुका आणि परिषदांच्या बातम्या असतील, तर मी वर्गणीच्या भानगडीत न पडता प्रायोजकच बघेन. कमेंटमध्ये सांगा, मग त्यावर लिहिते.