ठिबक अनुदानाची लाभार्थी यादी: कशी वाचावी आणि काय मागावे

प्रश्न : आमच्या गावात ठिबक सिंचनाचे अनुदान ठरावीक घरांनाच मिळते अशी चर्चा आहे. एका शेतकऱ्याचे नाव तर यादीत दोनदा आले आहे. कोणाला किती रक्कम मिळाली हे आम्हाला पाहता येते का? विचारल्यास आमचा प्रलंबित अर्ज मागे पडेल का?

उत्तर : पाहता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, त्यासाठी किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण आहेत, हे प्रत्येक कार्यालयाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असते. पीएम किसानची गावनिहाय यादी तर संबंधित पोर्टलवर कोणालाही पाहता येते. ठिबकची यादी मात्र पुष्कळदा कार्यालयात विचारल्याशिवाय हाती येत नाही, आणि ही उणीव आमच्या, म्हणजे कृषी कार्यालयाच्या बाजूची आहे, हे मान्य करायला हवे.

यादी हाती आल्यावर ती नीट वाचणे महत्त्वाचे आहे, कारण गावातील निम्म्या तक्रारी अर्धवट वाचनातून निघतात. नाव दोनदा दिसले म्हणजे लाभ दोनदा घेतला, असे लगेच म्हणता येत नाही. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकास मापदंडानुसार येणाऱ्या खर्चाच्या ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतील पूरक अनुदान धरून हे प्रमाण अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. पूरक रक्कम वेगळी जमा झाल्यास एकाच संचाच्या दोन नोंदी दिसू शकतात. शिवाय एका लाभार्थ्यास ५ हेक्टरच्या मर्यादेत वेगवेगळ्या गटांवर लाभ घेता येतो. संशय घ्यावा तो एकाच गट क्रमांकावर ७ वर्षांच्या आत दुसरा संच दिसल्यास, किंवा कागदावर संच असून शेतात लॅटरल (पिकाच्या ओळींतून टाकलेल्या) नळ्याच नसल्यास. म्हणून नावापेक्षा गट क्रमांक, क्षेत्र आणि पूर्वसंमतीची (संच घेण्यापूर्वी कार्यालयाने दिलेल्या मंजुरीची) तारीख आधी पाहावी. ‘निवड झाली’ व ‘रक्कम जमा झाली’ हे रकानेही वेगळे आहेत. मध्ये कागदपत्रे, पूर्वसंमती, संच बसवणे आणि मोका तपासणी (शेतावर जाऊन केलेली पाहणी) हे टप्पे असतात.

यादी न मिळाल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्कासह अर्ज करावा. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ‘सर्व घोटाळ्यांची माहिती द्यावी’ अशा मागणीतून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘अमुक गावातील, अमुक आर्थिक वर्षातील ठिबक लाभार्थ्यांचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, अदा रक्कम व मोका तपासणीचा दिनांक’ असे नेमके लिहावे. कारण सांगण्याची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास त्यापुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.

आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक मागू नयेत. ते मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीबाबतची तरतूद बदलल्यापासून काही ठिकाणी नावे देण्यासही नकार मिळण्याची शक्यता आहे. अशा वेळी अपिलात कलम ४ मधील लाभार्थी तपशिलाचा आणि व्यापक लोकहितासाठी माहिती देता येते असे सांगणाऱ्या कलम ८ (२) चा उल्लेख अवश्य करावा. सार्वजनिक पैशातून दिलेल्या अनुदानाची रक्कम ही माझ्या मते घेणाऱ्याची खासगी बाब राहत नाही.

आपल्या अर्जाची चिंता रास्त आहे. अर्जाचा क्रम महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर ठरतो, तो तालुक्याच्या कार्यालयातून बदलत नाही. तपासणी मात्र गावपातळीवर माणसेच करतात, म्हणून अर्जाची पोचपावती व पोर्टलवरील सद्यःस्थितीची छापील प्रत तारखेसह जवळ ठेवावी, आणि तपासणी विनाकारण लांबल्यास उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांकडे त्या प्रतींसह लेखी कळवावे. पूर्वसंमती येण्यापूर्वी संच खरेदी करू नये.