आधी रॉकीला घरी आणा

प्रश्न : मुलाची बारावीची परीक्षा झाली, आता सीईटी तोंडावर आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी गरज पडली तर मॅनेजमेंट कोट्याचीही तयारी ठेवली आहे. पण तो म्हणतो, पोलिसांच्या श्वान पथकात जायचं, कुत्री तयार करायची. घरी तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे, रॉकी. त्याच्यापायी अभ्यास होईना, म्हणून डिसेंबरात त्याला इंदापूरला मेहुण्यांच्या शेतावर पाठवलं. ‘सीईटीला 95 पर्सेंटाइल मिळव, परत आणतो’ असं मुलाला सांगितलंय. बायॉलॉजीही मीच सोडायला लावलं होतं, गणिताला वेळ मिळावा म्हणून. कुत्र्याची साखळी धरायची नोकरी आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही. फार तर एमपीएससी देऊन पीएसआय हो आणि श्वान पथकाचा अधिकारी हो, असं मी सुचवलं. रॉकी फार आक्रमक आहे, सोसायटीचा वॉचमनही त्याला टरकतो. (दिवाळीत फटाके वाजले की मात्र पलंगाखाली जातो.) त्याला पोलिसांत घेतील का? त्याच्याबरोबर मुलाचंही काही जमेल का?
– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात पर्सेंटाइल आहे, कोटा आहे, घराणं आहे. मुलगा रॉकीला रोज काय शिकवतो, कसं शिकवतो, याबद्दल एक ओळही नाही. तीन वर्षं तो तुमच्या डोळ्यांदेखत ते करत होता. तुम्हाला फक्त वाया जाणारा वेळ दिसला.

करिअरचं नंतर बोलू, आधी इंदापूरचं. कुत्र्यांना तयार करणारी माणसं अगदी सुरुवातीला एक गोष्ट शिकतात : बक्षीस त्याच क्षणी द्यायचं. लपवलेला वास सापडून कुत्रा खाली बसला की लगेच चेंडू. जरा उशीर झाला तर चेंडू कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. तुमच्या मुलाला हे नक्की ठाऊक असणार. त्यामुळे डिसेंबरात कुत्रा न्यायचा आणि निकालानंतर परत द्यायचा, या व्यवहाराकडे तो कसा बघत असेल याचा विचार करा. त्याच्या लेखी रॉकी ओलीस आहे. आणि 94 आले तर? कुत्रा शेतावरच? मग पुढे सेमिस्टर, मग प्लेसमेंट. ही मागणी थांबायची कुठे, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं ठरवलेलंही नाही. अठराव्या वर्षी मुलं अशा वेळी भांडत नाहीत, गप्प होतात, आणि पालकांना वाटतं की अभ्यासाला लागला. या रविवारी इंदापूरला जा आणि रॉकीला घेऊन या. सीईटीच्या आधी. अट न घालता.

आता रॉकीच्या भरतीबद्दल. पोलिसांचा कुत्रा म्हणजे चिडका, अंगावर जाणारा कुत्रा, हा समज पुण्यात इतका पक्का आहे की काही मंडळी पिल्लाला मुद्दाम डिवचून ‘तयार’ करतात. हा समज साफ चुकीचा आहे. वॉचमनवर भुंकणारा आणि फटाक्याला पलंगाखाली शिरणारा कुत्रा मुळात घाबरलेला असतो. त्याच्या भीतीला तुम्ही आक्रमकपणा म्हणताय. निवड करणारे नेमकी हीच भीती हेरतात आणि असा कुत्रा बाजूला काढतात. गुळगुळीत फरशीवर, लोखंडी जिन्यावर, अंधाऱ्या खोलीत कुत्रा बिनधास्त जातो का? बंदुकीचा बार झाला तर दचकून परत कामाला लागतो की शेपूट घालतो? उंच गवतात टाकलेला चेंडू सापडेपर्यंत हुंगत राहतो की दोन मिनिटांत नाद सोडतो? दात किती मोठे, हे नंतर. गस्तीच्या कुत्र्यालाही पकडायला शिकवण्यापेक्षा हुकूम मिळताच सोडायला शिकवणं जास्त अवघड असतं. जो सोडत नाही तो पथकाच्या कामाचा नाही. गणपतीत मंडपाची तपासणी करणारा कुत्रा आठवा. ढोल-ताशे, गुलाल, पायात घुटमळणारी पोरं, आणि तो आपलं नाक खाली घालून चाललेला. असा कुत्रा डिवचून घडत नाही. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी 3,000 किलोहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा मुंबई पोलिसांचा जंजीर हा साधा लॅब्राडोर होता, आणि तो शिकला आपल्या शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला तर वास सापडल्यावर शांत बसायलाच शिकवतात. पंजा मारला तर स्फोट व्हायचा. तेव्हा रॉकी घरचाच राहू द्या. पथकं लहान वयाची कुत्री घेऊन पहिल्यापासून घडवतात, आणि कुत्र्याच्या वशिल्यावर माणसाची भरती कुठेच होत नाही.

आता ‘साखळी धरायची नोकरी’. हे वाचून मला राग आला. श्वान पथकात कुत्र्याबरोबर राहणारा माणूस म्हणजे हँडलर, आणि तो बहुतेक वेळा शिपाई किंवा हवालदार असतो. कुत्रा आणि तो एकत्रच शिकतात, काही महिने. रात्री दोनला फोन आला की दोघं निघतात. 1969 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कुत्रा काही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथ घेऊ शकत नाही, त्याचं म्हणणं त्याच्याबरोबरच्या माणसालाच सांगावं लागतं. न्यायालयाने अशा पुराव्याला फारसं वजन दिलं नाही, पण तपासाला दिशा मिळते ती इथूनच, आणि कुत्र्याने कुठे मान वळवली, कुठे घुटमळला, याचा अर्थ लावणारा हा एकच माणूस असतो. तुम्ही सुचवलेला पीएसआयचा रस्ता मुलाला कुत्र्यापासून लांब नेईल. तो पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदवेल, बंदोबस्त लावेल. चांगली नोकरी आहे, पण त्याने मागितलेली नाही. घराण्याला खांद्यावर स्टार हवे असतील तर तसं सरळ सांगा, त्याला कुत्र्याचं नाव देऊ नका.

सरळ रस्ता असा : पोलीस शिपाई भरती. बारावी उत्तीर्ण, खुल्या गटाला वय 18 ते 28, मुलांना उंची किमान 165 सेंटीमीटर, मैदानी 50 गुण, लेखी 100. श्वान पथक त्यानंतर, खात्यात राहून मागून घ्यायचं. लगेच मिळेल असं नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी यांचीही श्वान पथकं आणि प्रशिक्षण केंद्रं आहेत. मधल्या काळात कुठलीही पदवी सुरू ठेवू दे. पशुवैद्यक हा याला लागून असलेला सगळ्यात भक्कम पर्याय होता, शिरवळचं कॉलेज तुमच्यापासून तासा-दीड तासावर. पण त्याला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते आणि ‘नीट’ला बायॉलॉजी. ते कुणी सोडायला लावलं, हे तुम्हीच लिहिलंय.

मुलालाही दोन शब्द, हे पत्र त्याला वाचायला द्या. बाळा, स्वतःचा कुत्रा आवडणं आणि कुत्र्यांचं काम आवडणं यात खूप अंतर आहे. पथकातला कुत्रा खात्याचा असतो. तुझी बदली झाली की तो दुसऱ्याच्या हातात जातो, निवृत्त झाला की तुझ्याकडेच येईल याची खात्री नाही. आणि कामाचा मोठा भाग कंटाळवाणा आहे : पहाटे खोल्या धुणं, विष्ठा बघून पोट बरं आहे का ते ओळखणं, गोचिड्या काढणं, ब्रश फिरवणं, तोच वास शंभरदा लपवणं. सुट्टीत पुण्यातल्या एखाद्या कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये किंवा पशुवैद्याच्या दवाखान्यात जाऊन हेच काम कर, अनोळखी आणि न आवडणाऱ्या कुत्र्यांबरोबर. महिन्याभराने तुला पुन्हा जावंसं वाटलं तर भरतीच्या मैदानाची तयारी सुरू कर. नाही वाटलं तर तेही घरी सांग, त्यात कमीपणा नाही.

साहेब, सीईटी द्यायला हरकत नाही, कॅपचा (सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) अर्जही भरा. मॅनेजमेंट कोट्याचे पैसे मात्र भरू नका. त्याने न मागितलेल्या जागेसाठी दिलेले लाखो रुपये पुढची चार वर्षं तुम्ही त्याला जेवताना ऐकवाल, आणि तो ऐकून घेईल.