'गस्तकरी' लिहू की नको? स्की पॅट्रोलरला मराठीत काय म्हणायचं

कोलोरॅडोत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या शेजारचे आजोबा नुकतेच गेले, अमेरिकनच, जन्मभर डोंगरात रमलेले, तीसेक हिवाळे स्की पॅट्रोलर म्हणून, म्हणजे बर्फाच्या उतारावर स्की करणाऱ्यांना जपायचं काम केलेले, आणि ताईंच्या मुलांच्या पायात पहिल्यांदा स्की चढवल्या त्याही त्यांनीच. मराठी शाळेच्या अंकात मुलांच्या वतीनं त्यांच्यावर लेख द्यायचाय. ताईंनी 'बर्फावरचे गस्तकरी' लिहिलं तर घरातूनच हरकत आली, की हे चोर-पोलीस वाटतं, 'हिमरक्षक' लिही. शिवाय नावाआधी कै. लावायचं का, आणि 'आउटडोअर्सची आवड' मराठीत कशी सांगायची, हेही विचारलंय.

ताई, मी तुमच्या गस्तकरीच्या बाजूनं आहे. हिमरक्षक ऐकायला भारदस्त आहे पण वनरक्षक जसा वनाचं रक्षण करतो तसा हा हिमाचं रक्षण करणारा होतो, आणि आजोबा बर्फाला नाही, बर्फातल्या माणसांना जपत होते.

गस्त हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, तिथे 'गश्त' म्हणजे नुसतं फिरणं, हिंडणं. रात्रीची शिट्टी, काठी, चोर हे सगळं नंतर चिकटलं. गंमत म्हणजे पॅट्रोलचंही तेच, तो फ्रेंचमधून आलाय आणि मुळात चिखलातून पाय ओढत फिरण्याचा शब्द आहे. म्हणजे दोन्हीकडे आधी चालणं, मग पहारा. आणि तटरक्षक दलाची गस्ती नौका आपण म्हणतोच की, ती काय फक्त चोर पकडते का, वादळात अडकलेल्या होडीकडेही तीच धावते. त्यात '-करी' लावलं की वारकरी, शेतकरी, पहारेकरी यांच्या पंगतीत बसतो. वारकरी म्हणजे एकदा पंढरपूरला जाऊन आलेला माणूस नव्हे, दरवर्षी निघणारा. तीस हिवाळे तेच काम करणाऱ्याला '-करी' शोभतो.

पण नुसता शब्द टाकून भागणार नाही, मुलांना काम दिसलं पाहिजे. हे लोक लिफ्ट, म्हणजे माणसांना डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे, सुरू व्हायच्या आधी वर जातात, रात्री किती बर्फ पडला, वारा कुठून होता ते बघतात, धोक्याच्या जागी बांबू रोवून दोऱ्या बांधतात, आणि जिथे हिमकडा सुटायची भीती असते तिथे स्फोट करून तो माणसं यायच्या आत मुद्दाम पाडतात. कुणी पडलं, पाय मोडला, की टोबॉगन म्हणजे बर्फावरची घसरगाडी घेऊन पोचायचं, जखमीला तिच्यात आडवं बांधायचं आणि पुढच्या दोन दांड्यांच्या मधे स्वतः स्कीवर उभं राहून, उतारावर तिचा सगळा भार पाठीमागून येत असताना, हळूहळू खाली आणायचं. लाल जाकीट, पाठीवर पांढरा क्रॉस.

याची सुरुवातही मोडलेल्या पायातूनच झाली. मिनी डोल हा विम्याचा धंदा करणारा माणूस 1937 च्या सुरुवातीला व्हरमाँटमधे स्टो इथे पडला आणि घोटा मोडला, मदतीला यायची काही व्यवस्थाच नव्हती, मित्रांनी छपराचा पत्रा शोधून आणला आणि त्यावर घालून त्याला खाली ओढत नेलं. त्यातलाच एक मित्र, फ्रँक एडसन, थोड्याच महिन्यांत स्कीच्या शर्यतीत अपघात होऊन गेला. डोलनं मग हे काम अंगावरच घेतलं आणि 1938 मधे नॅशनल स्की पॅट्रोल उभी राहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच संघटनेनं अमेरिकन सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनसाठी, म्हणजे डोंगरात लढणाऱ्या तुकडीसाठी, माणसं निवडून दिली, आणि त्यांचं ट्रेनिंग तुमच्याच कोलोरॅडोत कँप हेल या लष्करी तळावर झालं. लेखात हा पत्रा जरूर येऊ द्या, लहान मुलांना तो डोळ्यांपुढे दिसेल.

संध्याकाळच्या कामाला पॅट्रोलर 'स्वीप' म्हणतात, म्हणजे शब्दशः झाडणं. लिफ्ट बंद झाल्या की सगळे पॅट्रोलर वाटा वाटून घेतात, हाका मारत, मधेच थांबून कान देत खाली येतात, वर कुणी राहिलं नाही याची खात्री करत. याला मराठी शब्द शोधत बसू नका, तो आपल्या तोंडात रोज असतो. 'लग्नाला झाडून सगळे आले होते', त्यातलं झाडून. मी ट्रेकला बरीच वर्षं बॅकलीड करायचो, म्हणजे सगळ्यात मागे राहायचो, हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना अंधार पडत आलेला आणि पुढच्यांच्या बॅटऱ्या लांब गेलेल्या, तेव्हा शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं म्हणजे काय हे कळतं, म्हणून हा शब्द मला इतका बरोबर वाटतो.

आवडीबद्दल. 'निसर्गप्रेमी' टाळा, तो श्रद्धांजलीच्या प्रत्येक जाहिरातीत असतो आणि त्यातून माणूस दिसत नाही. आपल्याकडे डोंगरवेडा आहे, रानावनात रमणारा आहे, ट्रेकवाल्यांचा लाडका भटक्या आहे. मला विचाराल तर डोंगरवेडे आजोबा. वेडे म्हटल्यानं मान कमी होत नाही, उलट जवळचे वाटतात.

कै. म्हणजे कैलासवासी, शिवाच्या घरी गेलेला. बर्फाचा डोंगर असल्यानं मोह होतो हे खरं, पण ती त्यांची श्रद्धा नव्हती. ख्रिस्ती माणसासाठी मराठीत ख्रिस्तवासी आहे, पण तेही घरच्यांना विचारल्याशिवाय लावू नये. दिवंगत लिहा, किंवा काहीच नको, मुलं आजोबा म्हणत होती ना, मग आजोबाच.

आणि एक, तुम्ही मसुद्यात 'त्यांनी अनेकांना मदत केली, ते शेवटी उतरले' असं लिहिलंय. तिथे '-यचे' चालवा. केली, उतरले म्हटलं की एकदाच घडलेलं वाटतं, यचे म्हटलं की तीस हिवाळे त्यात येतात. म्हणजे असं काहीतरी: 'आजोबा स्की पॅट्रोलर होते, बर्फावरचे गस्तकरी. सकाळी सगळ्यांच्या आधी वर जायचे, आणि संध्याकाळी झाडून सगळे खाली पोचले की मग उतरायचे.'