वीज संस्था पुढची दहा वर्षं कशी मोजते, आणि मार्चमध्ये करंट का जातो?

प्रश्न असा आहे : बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीसारखी लोकांच्या मालकीची किंवा एखाद्या नगरपालिकेची वीज संस्था पुढच्या दहा वर्षांना किती वीज लागेल हे कशावरून ठरवते? आणि ठरवते, तर दर मार्च-एप्रिलला करंट का जातो?

पुस्तकातलं उत्तर दोन ओळींचं आहे. मागच्या पाच वर्षांचा खप घ्या, वाढीचा दर काढा, तो पुढं दहा वर्षं चढवत न्या, वर गळती धरा. झाला आराखडा. हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण खप म्हणजे मागणी नव्हे. ज्या फीडरला (सबस्टेशनातून निघून गावा-शेतांना वीज नेणारी लाइन) दिवसात सातच तास थ्री फेज, म्हणजे पंप चालवणारा करंट, दिला, त्याचा खप सात तासांचाच येणार. लोकांना दहा तास हवा होता हे कुठल्या वहीत लिहिलंय? दुष्काळात सातचे पाच तास केले की खपाचा आकडा उतरतो आणि कागदावर ‘मागणी घटली’ असं दिसतं. तोच आकडा पुढच्या वर्षाचा पाया होतो.

म्हणून पहिलं काम वाढीचा दर काढणं नाही, पाया दुरुस्त करणं. सबस्टेशनच्या लॉगशीटवर ऑपरेटर दर तासाला प्रत्येक फीडरचे अँपिअर लिहितो. ती वही सोन्याची आहे. वर्षाचे 8,760 तास घ्यायचे, ज्या तासांना फीडर बंद ठेवला होता तिथं तशाच दिवसाचा चालू तास भरायचा, आणि मग आलेख काढायचा. आता मीटर दिवसाला 15 मिनिटांचे 96 ठोकळे देतात, काम सोपं झालंय. पण मीटर आहे म्हणून तो कुणी वाचतो असं समजू नका.

आता मुख्य दुखणं. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या आयपी सेटला, म्हणजे शेतीच्या पंपाला, वीज मोफत. बिल नाही म्हणून मीटर नाही, मीटर आहे तिथं रीडिंग नाही. मग शेतीचा खप काढतात कसा? काही टीसींवर नमुन्याचे मीटर बसवून एका पंपाची सरासरी काढायची (टीसी म्हणजे गावा-शेतातला ट्रान्सफॉर्मर, पलीकडं चंदगडात त्याला डीपी म्हणतात), नाहीतर फीडरला गेलेल्या युनिटांतून अंदाजे गळती वजा करून उरलेलं पंपांच्या संख्येनं भागायचं. राज्याच्या निरंतर ज्योती योजनेत गावठाणाचे आणि पंपांचे फीडर वेगळे झाले तिथं हे निदान जमतं. जिथं मिश्र फीडर राहिला तिथं चोरी, गळती, चुकीचं रीडिंग, सगळं पंपाच्या नावावर जातं. शेतकऱ्याला बिल येत नाही, तो कशाला तक्रार करील? आणि वीज वाटणाऱ्या संस्थेची गळती कमी दिसते. दोघं खुश, आकडा खोटा.

सीमेजवळच्या अशाच एका पंपांच्या फीडरवरून एका सल्लागाराशी माझा वाद झाला होता, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. रजिस्टरला 420 पंप, सगळे 5 एचपी. म्हणजे 2,100 एचपी, साधारण 1,570 किलोवॉट. मोटरची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर ओढ 1,960 किलोवॉट, पॉवर फॅक्टर (तारेतून ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) 0.8 म्हणजे 2,450 केव्हीए, 11 केव्हीवर 128 अँपिअर. एका वेळी 85 टक्के पंप चालू धरले तर 110 अँपिअर. सल्लागारानं 110 हाच पाया घेतला, वर्षाला 6 टक्के चढवले, दहाव्या वर्षी 197 अँपिअर लिहिले आणि फाइल पुढं सरकवली.

मार्चमध्ये सकाळी दहाला त्या फीडरचा अँपमीटर 175 दाखवत होता.

65 अँपिअर कुठून आले? त्यात गूढ काही नाही. बोअरचं पाणी 60 मीटरवरून 100 मीटरवर गेलं. सेकंदाला अडीच लिटर पाणी 60 मीटर उचलायला, पंपसेटची कार्यक्षमता 50 टक्के धरली तर, 4 एचपी लागतात. 100 मीटरला पावणेसात. म्हणजे 5 ची मोटर जाऊन साडेसातची आली. रजिस्टरला 5 च राहिली, कधी कधी मोटरवरची पाटीसुद्धा 5 चीच राहते. टांग टेस्टर (तारेला चिमट्यासारखा लावून अँपिअर मोजायचं यंत्र) लावला की कळतं : 5 एचपीची मोटर पूर्ण भारावर सात-आठ अँपिअर घेते, साडेसातची अकराच्या आसपास. त्यावर रजिस्टरला नसलेले पंप. आणि ऑटो स्टार्टर! करंट आला की 85 टक्के नव्हे, सगळेच एकदम उठतात. शेतकऱ्याला दोष देत नाही. रात्री दोनला शेतात जाऊन बटण दाबायला मीही गेलो नसतो.

175 अँपिअरला काय होतं तेही मांडतो. फीडर 18 किलोमीटरचा, रॅबिट नावाच्या जाडीची तार, भार वाटेत सगळीकडं सारखा पसरलेला धरू. शेपटीला 11 केव्हीचे सव्वानऊ उरतात. टीसीच्या खाली 433 व्होल्टच्या जागी 365, एलटी लाइनच्या (टीसीपासून पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या तारेच्या) टोकाला 340. कमी व्होल्टेजला मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते, रिवाइंडिंगला जाते. तारेत जळणारी वीज 300 किलोवॉट, म्हणजे फीडरला दिलेल्या विजेतली 11 टक्के. आता प्रत्येक पंपाला पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर बसवा, 5 एचपीला 2 केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), साडेसातला 3. पॉवर फॅक्टर 0.95 झाला की 175 चे 147 अँपिअर होतात आणि तारेतला जाळ 300 वरून 210 वर येतो. 90 किलोवॉटची वीज एक टनही कोळसा न जाळता मिळाली. पण आराखड्यात ‘कपॅसिटर’ हा शब्द नसतो, ‘नवीन सबस्टेशन’ असतो. बरं, बसवलेले कपॅसिटर दोन वर्षांत निम्मे फुगतात किंवा काढले जातात, म्हणून बसवणं आणि सांभाळणं दोन्ही धरावं लागतं.

खरा पाया 175 असेल तर सल्लागाराचा दहाव्या वर्षाचा 197 हा आकडा त्याच्याच 6 टक्क्यांनी दुसऱ्या वर्षी गाठला जातो. एवढंच मी त्याला सांगत होतो. तो म्हणाला, “रजिस्टरला जे नाही ते मी कसं धरू?”

आता तुमच्या पहिल्या अर्ध्या प्रश्नाकडं. लहान संस्था स्वतः वीज बनवत नाही. हुक्केरीची सहकारी संस्था 1969 सालची, ती हेस्कॉमकडून (उत्तर कर्नाटकातली सरकारी वीज वितरण कंपनी) घाऊक वीज घेऊन वाटते. त्रिशूर महापालिका तिथल्या राज्य मंडळाकडून घेते, मुंबईची बेस्ट मुख्यतः टाटा पॉवरकडून. तेव्हा अशा संस्थेला ठरवायच्या गोष्टी दोन : घाऊक विक्रेत्याला कोणत्या महिन्याच्या कोणत्या तासाला किती मेगावॉट सांगायचे, आणि तारा-ट्रान्सफॉर्मर कधी वाढवायचे.

दुसऱ्या गोष्टीत काळाची लांबी वस्तूगणिक बदलते. 100 केव्हीएच्या टीसीला (एलटी बाजूला 133 अँपिअर) पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज पुरतो. नव्या 11 केव्ही फीडरला तीन वर्षांचा. 110 केव्हीच्या स्टेशनला जागा, टॉवरची वाट, शेतकऱ्यांची नुकसानभरपाई यांतच दोन-तीन वर्षं जातात, म्हणून तिथं निदान सात वर्षं पुढं बघावं लागतं. 10 एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टेशनची भरवशाची ताकद 20 नाही, 10 आहे, कारण एक बसला तर दुसऱ्यानं सगळं ओढायला हवं. प्रत्यक्षात दोन्ही मिळून सतरापर्यंत भरतात आणि मग भर एप्रिलमध्ये एक बसला की तुमचा करंट जातो. यात राज्यात वीज कमी असण्याचा काही संबंध नसतो. बेळगावातही करंट असा जातो. लोक मात्र सरसकट ‘लोडशेडिंग’ म्हणतात.

उद्योगाला टक्केवारी लावणं तर शुद्ध आळस. उद्यमबाग किंवा मच्छेतली फाउंड्री 500 किलोची इंडक्शन भट्टी बसवते तेव्हा एका दिवसात साडेतीनशे-चारशे केव्हीए वाढतात. मग पाच वर्षं काही वाढत नाही. लोखंडाच्या टनाला साधारण 600 युनिट हा हिशोब. तिथं अर्जांची यादी बघायची, कुणी खरंच मशिनरी मागवलीय ते विचारायचं. वडगाव-शहापूरचे माग उलटे : लहान मोटर, पण सगळे एकाच वेळेला चालू, एकाच वेळेला बंद. घरगुती वापर हळू वाढतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत, पंखा पुरे. आता टिळकवाडीत दर इमारतीवर एसीची बाहेरची पेटी मोजा. ते मोजणं हासुद्धा आराखड्याचाच भाग, हसू नका.

पहिल्या गोष्टीत, म्हणजे विजेच्या खरेदीत, युनिटपेक्षा महिना महत्त्वाचा. आपल्या जिल्ह्याभोवती वीज कमी नाही, ती चुकीच्या महिन्यात आहे. साखर कारखान्यांची सहवीज नोव्हेंबर ते मार्च, गाळप संपलं की बंद. सौंदत्ती-गोकाकच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोरात, तेव्हा पंप बंद असतात. हिडकल धरणाच्या पायथ्याचं 32 मेगावॉटचं वीजघर पाणी सोडलं तरच फिरतं. ऊस मात्र एप्रिल-मे महिन्यांत पाणी मागतो. उरतो तो औष्णिक कोळसा, दिवसाचं सौर आणि शरावती-काळी नद्यांच्या धरणांत वीजनिर्मितीसाठी साठवलेलं पाणी. सौर आल्यापासून पंप दिवसा चालवतात ते योग्यच, पण संध्याकाळी साडेसहाला सौर बसतं आणि घरोघरी दिवे लागतात, त्या चार तासांना कोण? पाणी. म्हणून पाणी मे अखेरपर्यंत पुरवून वापरावं लागतं.

आणि पाऊस दगा देतो तेव्हा दोन्हीकडून मार बसतो : धरणात पाणी कमी आणि पंप जास्त. 2023 ला नेमकं हेच झालं. एरवी ऑक्टोबरमध्ये पंप थंड असतात. त्या वर्षी पावसाअभावी सगळे चालू झाले, पंपांचे तास सातवरून पाचवर आणावे लागले, पंजाब-उत्तर प्रदेशाकडून देवाणघेवाणीवर वीज घ्यावी लागली. 2024 च्या उन्हाळ्यात राज्याची मागणी 17 हजार मेगावॉटच्या वर गेली. सरासरी पावसाचं वर्ष धरून केलेला आराखडा सरासरी पावसाच्या वर्षीच चालतो. मी कोरडं वर्ष धरा म्हणतो. जास्तीचा खर्च येतो, मान्य. पण ऐनवेळी बाजारातून घेतलेल्या युनिटचा भावही बघा.

जून 2023 मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. वितरकानं दहा वर्षांचा आराखडा करायचा, तो दरवर्षी पुढं सरकवायचा, आणि मोठा वाटा लांब मुदतीच्या करारांतून बांधायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण नियोजनात धरतं तो मापदंड असा की तुटवड्याची शक्यता 0.2 टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे वर्षाच्या 8,760 तासांत साडेसतरा तास. कागद चांगला आहे. पण त्यातही पहिला रकाना ‘चालू मागणी’ हाच आहे, आणि तो 110 लिहायचा की 175 हे कुणी विचारत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. मी दिलेला फीडर एकच आहे, सगळे असे नसतात. कालव्याच्या पाण्यावर, विहिरीवर चालणाऱ्या भागात मोटर फारशी वाढत नाही. 6 टक्के हा दर शहराच्या एखाद्या वाढत्या बाजूला बरोबरही असेल. शेतीला तो कायमचा लागत नाही, कारण जमीन वाढत नाही. एका टप्प्यानंतर पंपांची संख्या थांबते, फक्त खोली वाढते, आणि बोअर कोरडा पडला की भार कमीसुद्धा होतो. म्हणजे सल्लागाराचा दर चढा होता आणि पाया उतरता होता. दोन चुका मिळून बरोबर उत्तर येईल अशी त्याला आशा असावी.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर दरवाढीचा अर्ज कर्नाटक वीज नियामक आयोगाकडं जातो, त्यावर जाहीर सुनावणी होते आणि कुणीही आक्षेप देऊ शकतो. लोक तिथं फक्त युनिटच्या दरावर भांडतात. तुम्ही शेतीच्या खपाचं पान उघडा, एका पंपाला वर्षाला किती युनिट धरलेत ते बघा आणि तो आकडा कुठल्या फीडरच्या मीटरवरून आला हे लेखी विचारा. सोबत मार्चच्या एका दिवसाची सकाळी दहाची लॉगशीट मागा. आणि रजिस्टरला जे नाही ते कसं धरायचं असं कुणी म्हणालं, तर त्याला टांग टेस्टर घेऊन दहा टीसींखाली उभं करा. दोन माणसं, एक मोटारसायकल, एका सकाळचं काम आहे.