वारीत अनोळखी वारकऱ्यांचे फोटो न विचारता काढले तर चालतं का?

गर्दीचे काढा, बिनधास्त. दिवे घाटात वळणावळणाने चढणारी दिंडी किंवा रिंगणात धावणारा अश्व टिपताना हजार जणांना कोण विचारत बसणार? एकाच माणसाच्या चेहऱ्यावर लेन्स रोखलीत की मात्र गोष्ट बदलते. तिथे "माउली, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. बहुतेक जण हसून हो म्हणतात, काही आजीबाई तर आधी पदर नीट करतात. विचारल्यावर चेहऱ्यावरचा सहज भाव जातो, ही फोटोवाल्यांची तक्रार खरी आहे. मग आधी काढा, लगेच दाखवा आणि नको म्हणाले तर समोरच डिलीट करा. मी असंच करतो.

पहाटे टँकरखाली अंघोळी चालतात, बायका ओल्या लुगड्यात असतात. तिकडे कॅमेरा न्यायचाच नाही. दरवर्षी कोणीतरी नेतोच, आणि वर "डॉक्युमेंटेशन" म्हणतो! आडोशाला कपडे बदलणाऱ्या बाईचा चोरून फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षं कैद. साध्या रस्त्यावरच्या फोटोला सरसकट बंदी नाही, पण तोच जाहिरातीत वापरायचा तर लेखी परवानगी घ्या.

थकून झोपलेल्या माणसाचा फोटो? मी काढत नाही. झोपलेला माणूस नको म्हणू शकत नाही.